नकाराचा पगार

कॅन्सरवरची शंभर नवी औषधं माणसांत तपासायला घेतली, तर त्यातली नव्वदहून अधिक बाजारापर्यंत पोचत नाहीत. वाटेत दहा-बारा वर्षं जातात, अफाट पैसा जातो. आणि ज्याचा हिशोब कुठल्याच ताळेबंदात येत नाही, तेही जातं: ज्याच्या हाती मोजके महिने उरले होते, अशा रुग्णाने त्यातले काही त्या औषधाला दिलेले असतात.

या गळतीचं खापर आपण नशिबावर फोडतो. कॅन्सर चिवट आहे, जीवशास्त्र गुंतागुंतीचं आहे, असं म्हणून मोकळे होतो. दोन्ही खरं आहे. पण बऱ्याच औषधांचं मरण पहिली गोळी तयार होण्याआधीच ठरलेलं असतं, हेही तितकंच खरं आहे. टार्गेट, म्हणजे औषधाने ज्यावर घाव घालायचा ते जनुक किंवा प्रथिन, चुकीचं निवडलेलं असतं, डेटा कच्चा असतो, आणि हे त्याच वेळी सांगू शकणारं माणूस त्याच इमारतीत बसलेलं असतं. त्याचा हुद्दा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा कंत्राटी संशोधक; विषय बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा संगणकावर वाचणं. मी त्यांच्यातलीच एक. बॉस्टनला काम करते. आज मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. आमच्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे वेळेवर ‘नाही’ म्हणणं. आणि आजच्या संशोधनव्यवस्थेत या ‘नाही’ला पगार नाही, पद नाही, पेपरही नाही.

चार प्रश्न

काम काय, ते आधी सांगते. माणसाच्या पेशीत प्रथिनं बनवणारी सुमारे वीस हजार जनुकं असतात. त्यातलं कुठलं जनुक बंद पाडलं तर कॅन्सरची पेशी मरेल आणि निरोगी पेशी तगेल, हे शोधायचं. एकेक जनुक तोडून बघण्याचे प्रयोग प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या शेकडो सेल लाइनवर झालेले आहेत. त्यांचे आकडे बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमधल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या ‘डेपमॅप’मध्ये जगाला खुले आहेत. २००६ साली सुरू झालेल्या ‘टीसीजीए’ प्रकल्पात ३३ प्रकारच्या कॅन्सरच्या ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या गाठींची जनुकीय नोंद आहे. निरोगी अवयवांत कुठलं जनुक किती बोलतं, ते ‘जीटेक्स’मध्ये बघायला मिळतं. हे सगळं एकत्र आणून प्रत्येक टार्गेटला आम्ही चार प्रश्न विचारतो.

हे जनुक काढलं तर गाठ खरंच मरते का? ते रुग्णाच्या गाठीत आहे, की फक्त बशीत वाढवलेल्या पेशींत? हृदयात, यकृतात, अस्थिमज्जेत ते किती आहे? आणि औषध त्याच प्रथिनाला लागतं, की भलत्यालाच?

एकाचंही उत्तर वाकडं आलं, तर ‘थांबा’ म्हणायचं. पण ते म्हणायची वेळ येते तोवर रसायनशास्त्रज्ञांनी रेणू बनवायला घेतलेला असतो, गुंतवणूकदारांपुढे स्लाइड जाऊन आलेली असते आणि पुढच्या ग्रँटचं पहिलं पान त्याच जनुकाच्या नावाने लिहून झालेलं असतं. अशा वेळी ‘थांबा’ म्हणणाऱ्याला सगळे पाण्यात पाहतात.

वरातीमागून घोडं

आमच्याकडे काम बहुतेकदा असं येतं: आधी प्रयोग उरकायचा, मग फाइल पाठवायची आणि मेलमध्ये एक ओळ लिहायची: जरा पी-व्हॅल्यू काढून दे. ही ओळ लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी १९३८ सालची आठवण करून देते. त्या वर्षी कोलकात्यात भरलेल्या पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेत ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांनी अध्यक्षपदावरून बजावलं होतं की, प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे शवविच्छेदनाला बोलावणं. प्रयोग कशाने दगावला, एवढंच तो सांगू शकेल. आपल्याच भूमीवर सांगितलेली ही गोष्ट साऱ्या जगाने ऐकली आणि साऱ्या जगाने कानाआड केली.

एका प्रकल्पात काय घडलं, ते बघा. गाठींचे नमुने, निरोगी ऊतींचे नमुने आणि दोन्हींतलं मोजलेलं आरएनए. पहिला आलेख काढला तर ठिपक्यांचे दोन स्वच्छ पुंजके दिसले: डावीकडे कॅन्सर, उजवीकडे निरोगी. बैठकीत सगळे खूश. मग मी तेच ठिपके पुन्हा रंगवले; या वेळी आजाराप्रमाणे नाही, तर आरएनए कुठल्या तारखेला काढलं त्याप्रमाणे. पुंजके तेच, आणि तितकेच स्वच्छ. कॅन्सरचे सगळे नमुने एका आठवड्यात एका किटवर केले होते, आणि निरोगी सगळे पुढच्या महिन्यात दुसऱ्या किटवर. मग दिसतोय तो फरक कॅन्सरचा की किटचा? जगातलं कुठलंही गणित याचं उत्तर देऊ शकत नाही.

‘बॅच करेक्शन चालव ना,’ असं मला सांगण्यात आलं; म्हणजे दोन खेपांमधला फरक गणिताने पुसून टाक. जिथे आजार आणि बॅच तंतोतंत एकावर एक बसलेत, तिथे बॅच पुसली की आजारही पुसला जातो. दोन्ही प्रकारचे नमुने दोन्ही दिवशी निम्मे-निम्मे घेतले असते तर एक पैसा जास्त लागला नसता. प्रयोगाआधी दहा मिनिटं एकत्र बसायला हवं होतं, बस. ते नमुने माणसांच्या शरीरातून आलेले असतात. काही जण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, मनावर केवढा ताण असताना, संशोधनाच्या फॉर्मवर सही करतात. त्यांच्या दानाची अशी माती करायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

नऊ अक्षरं

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आलं तरी चौथा का विचारावा लागतो, ते मेज-ए३ या प्रथिनाच्या गोष्टीतून कळतं. अनेक गाठींत हे प्रथिन सापडतं, आणि निरोगी शरीरात वृषणाबाहेर जवळजवळ नसतंच. म्हणजे टार्गेट म्हणून आदर्श. त्यातला नऊ अमिनो आम्लांचा तुकडा ओळखतील अशा रोगप्रतिकारक टी-पेशी प्रयोगशाळेत घडवल्या आणि रुग्णांना दिल्या. एकाला मायलोमा होता, एकाला मेलानोमा. दोघेही काही दिवसांत हृदय निकामी होऊन गेले. दोघांच्याही हृदयात मेज-ए३ नव्हतं.

मग टी-पेशींनी हृदयावर हल्ला केला तरी का? २०१३ साली उत्तर छापून आलं: टायटिन. हृदयाच्या स्नायूतलं हे प्रचंड मोठं प्रथिन. एकेका अमिनो आम्लाला एकेक अक्षर दिलं, तर मेज-ए३चा तुकडा असा वाचला जातो: ई, व्ही, डी, पी, आय, जी, एच, एल, वाय. आणि टायटिनमधला असा: ई, एस, डी, पी, आय, व्ही, ए, क्यू, वाय. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून बघा. नऊपैकी पाच अक्षरं जागच्या जागी तीच. टी-पेशी फसायला तेवढी पुरली.

चाचणीआधीच्या तपासण्यांत हे सुटलं, कारण बशीत वाढवलेल्या साध्या हृदयपेशींत टायटिनच नव्हतं; धडधडणाऱ्या हृदयपेशी वापरल्यावर धोका दिसला. मग नऊपैकी कुठली अक्षरं बदलली तरी टी-पेशी फसते, ते एकेक करून पाहिलं, आणि तो नमुना मानवी प्रथिनांच्या यादीत शोधला. टायटिन सापडलं. आज अशा उपचारांत ही शोधाशोध रुग्णापर्यंत जाण्याआधी करण्याची पद्धत पडली आहे. संगणकावर तिला मिनिटं लागतात. ती मिनिटं कोणाच्या तरी कामाच्या यादीत असावी लागतात, आणि त्या माणसाला ‘हे औषध देऊ नका’ म्हणायची मुभा असावी लागते.

तारखेत गेलेली जनुकं

आता क्षुल्लक वाटणारी गोष्ट. ‘सेप्ट२’ नावाचं जनुक एक्सेलमध्ये टाइप केलं की त्याचा २ सप्टेंबर होतो. ‘मार्च१’चा १ मार्च होतो. फाइल सेव्ह केली की जनुक गेलं, तारीख उरली. याबद्दलचा पहिला इशारा २००४ साली छापून आला. २०१६ मध्ये जनुकांच्या एक्सेल याद्या सोबत जोडलेले शोधनिबंध तपासले, तर सुमारे पाचांतल्या एकात ही चूक निघाली. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावं बदलली: सेप्टचं सेप्टिन झालं, मार्चचं मार्चएफ. ही सवय बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ साली, म्हणजे नावं बदलून झाल्यावर.

सोळा वर्षं हजारो हुशार माणसांना ही चूक ठाऊक होती. तरी ती चालू राहिली, कारण याद्या तपासणं हे कोणाचंच काम नव्हतं. जे कोणाचंच काम नसतं ते शेवटी सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर येऊन पडतं, आणि त्याने केलं तर त्याची नोंद कुठेच होत नाही.

एक ओळ खाली

नकार वेळेवर न ऐकल्याने काय होतं, ते ड्यूक विद्यापीठातल्या प्रकरणाइतकं लख्ख कुठेच दिसत नाही. अनिल पोट्टी यांच्या गटाने २००६ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये दावा केला, की गाठीतल्या जनुकांच्या नोंदीवरून कुठल्या रुग्णाला कुठली केमो लागू पडेल ते आधीच सांगता येतं. ज्या स्वप्नासाठी आम्ही सगळे झटतो तेच हे स्वप्न. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही ही पद्धत हवी होती. त्यांनी आपल्याकडच्या कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोघा संख्याशास्त्रज्ञांना ती तपासायला सांगितलं.

दोघांनी जाहीर झालेल्या आकड्यांवरून उलटं चालत मूळ विश्लेषण पुन्हा उभं केलं. जनुकांच्या याद्या जुळेनात. मग त्यांनी सगळी यादी एक ओळ सरकवून पाहिली, आणि ती जुळली. कोष्टकातली शीर्षकाची ओळ सॉफ्टवेअरला अपेक्षित नव्हती, त्यामुळे प्रत्येक आकडा शेजारच्या जनुकाच्या नावावर गेला होता. याहून भयंकर पुढे होतं. काही औषधांच्या बाबतीत ‘औषध लागू पडणाऱ्या’ आणि ‘न पडणाऱ्या’ पेशींच्या चिठ्ठ्याच उलट्या लागल्या होत्या. म्हणजे ज्या रुग्णाला जे औषध लागू पडण्याची शक्यता कमी, त्याला नेमकं तेच मिळणार. आणि २००७ सालापासून या पद्धतीवर रुग्णांच्या चाचण्या सुरू झालेल्या होत्या.

बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी पत्रं लिहिली, आक्षेप मांडले. वैद्यकातल्या मोठ्या नियतकालिकांना त्यांच्या नकारात रस नव्हता. शेवटी २००९ साली त्यांचा निबंध संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. चाचण्या थांबल्या, विद्यापीठाने चौकशी केली आणि २०१० च्या सुरुवातीला त्या पुन्हा चालूही झाल्या. त्या कायमच्या बंद पडल्या त्याच वर्षाच्या अखेरीस, आणि तेही पोट्टी यांच्या बायोडेटातला एका मानाच्या शिष्यवृत्तीचा दावा खोटा असल्याचं जुलैमध्ये उघड झाल्यावर. आकडे वर्षानुवर्षं ओरडत होते तेव्हा चाचण्या जेमतेम काही काळ थांबल्या. बायोडेटातली एक ओळ खोटी निघाली तेव्हा सगळे जागे झाले. तोवर शंभराहून अधिक रुग्ण त्या चाचण्यांत येऊन गेले होते. २०१५ साली अमेरिकी सरकारच्या संशोधन-सचोटी कार्यालयाने पोट्टी यांनी संशोधनात गैरप्रकार केल्याचा निष्कर्ष जाहीर केला.

या प्रकरणातलं सगळ्यात बोचणारं पान मात्र नंतर उघडलं. त्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थ्याने २००८ सालीच हे आकडे भरवशाचे नाहीत असं सविस्तर लिहून दिलं होतं. त्याला समजावण्यात आलं. त्याने शोधनिबंधांवरून स्वतःचं नाव काढून घेतलं आणि संशोधनाचं वर्ष दुसरीकडे नव्याने केलं. प्रयोगशाळेतल्या एका कनिष्ठ माणसाने वेळेवर ओळखलं, आणि त्याचं वर्ष त्याच्या गाठीचं गेलं. त्याचं ऐकलं असतं तर किती रुग्ण या फेऱ्यातून वाचले असते, हा प्रश्न प्रत्येक पीआयने, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखाने, आपल्या टेबलावर लिहून ठेवावा.

मेल्कचा धडा

चौथ्या प्रश्नाकडे पुन्हा येते: औषध त्याच प्रथिनाला लागतं का? मेल्क नावाचं जनुक अनेक कॅन्सरमध्ये वाढलेलं दिसायचं. त्यावर ढिगाने पेपर निघाले, औषध निघालं, रुग्णांच्या चाचण्याही सुरू झाल्या. २०१७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत जेसन शेल्टझर यांच्या गटाने क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने मेल्क पुरतं उडवून दिलं. कॅन्सरच्या पेशी मजेत वाढत राहिल्या. मग मेल्क नसलेल्या त्याच पेशींवर ‘मेल्कचं औषध’ टाकलं. पेशी मेल्या. म्हणजे औषध मारत होतं खरं, पण मेल्कच्या वाटेने नव्हे. हे काम करणाऱ्यांत पदवीचे विद्यार्थी होते.

२०१९ मध्ये याच गटाने सहा टार्गेटांवरची दहा औषधं अशीच तपासली. टार्गेट नसतानाही दहाच्या दहा औषधांनी पेशी मारल्या. कोणी म्हणेल, मारतात ना, मग झालं तर! तसं नाही. औषध कशाला लागतं हेच ठाऊक नसेल तर कुठल्या रुग्णाला द्यायचं ते कसं ठरवणार? दुष्परिणाम कुठे शोधणार? आणि हाच नकार किती फळतो तेही बघा. त्या दहांपैकी एका औषधाचं खरं टार्गेट या गटाने शोधून काढलं: सीडीके११. ज्याच्याकडे आधी फारसं कोणी वळून बघितलं नव्हतं, त्याकडे जाणारी वाट एका ‘नाही’ने उघडली.

होकारही याच डेटातून येतो. डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा ज्या कॅन्सरमध्ये मोडलेली असते, त्यांना डब्ल्यूआरएन नावाच्या जनुकाशिवाय जगता येत नाही, हे २०१९ साली एकाहून अधिक गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं, आणि तेही मुख्यतः अशाच जनुक तोडून बघण्याच्या आकड्यांतून. आज त्यावरची औषधं माणसांतल्या चाचण्यांत आहेत. ज्या तक्त्याने डब्ल्यूआरएनला ‘हो’ म्हटलं, त्याच तक्त्याने हजारो जनुकांना ‘नाही’ म्हटलं होतं. ते ‘नाही’ खरं होतं म्हणूनच या ‘हो’ला वजन आलं.

घरून फोन आला की आत्या विचारते, “काय गं, सापडलं का औषध?” मी तिला सांगते, “नाही आत्या, पण खोटी वाटणारी काही बाजूला काढली.” ती म्हणते, “मग तेही कामच झालं की!” आत्याला जे एका दमात समजतं, ते मोठमोठ्या निवड समित्यांना समजत नाही.

नाव, पद, पैसा

पोस्टडॉकचं भवितव्य पेपरवर ठरतं, आणि पेपर होकाराचे छापले जातात. वर्षभर खपून एखादं टार्गेट पोकळ आहे हे सिद्ध केलं तर कंपनीचे कोट्यवधी वाचतात, रुग्णांचे महिने वाचतात, आणि पोस्टडॉकच्या बायोडेटात त्या वर्षाची जागा कोरी राहते. टार्गेट खरं निघालं, तर पहिलं नाव पेशी वाढवणाऱ्याचं, शेवटचं पीआयचं, आणि विश्लेषण करणाऱ्याचं मधल्या गर्दीत कुठेतरी. ज्याच्या विश्लेषणावर सगळा निष्कर्ष उभा आहे, त्याचं नाव वाचायला बोट फिरवत जावं लागतं.

करार वर्षावर्षाचा. परदेशातून आलेल्याचा व्हिसा त्याच कराराला बांधलेला. अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था एनआयएच हिने नेमलेल्या सल्लागार गटाने डिसेंबर २०२३ मध्ये शिफारस केली, की पोस्टडॉकला वर्षाला किमान ७० हजार डॉलर मिळावेत आणि हा काळ पाच वर्षांहून लांबू नये. एप्रिल २०२४ मध्ये नव्या पोस्टडॉकसाठी आकडा ठरला ६१,००८ डॉलर. बॉस्टनमध्ये यातला मोठा हिस्सा घरभाड्यात जातो. भारतात २०२३ च्या सुधारणेनंतर पीएचडी झालेल्या रिसर्च असोसिएटला महिना ५८ ते ६७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. कागदावर बरा दिसणारा हा आकडा हातात पडायला अनेकांना महिनोन्‌महिने वाट बघावी लागते. तेच पायथन, तेच संख्याशास्त्र घेऊन पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपनीत गेलं तर पगार महिन्याच्या महिन्याला होतो. चांगली पोरं जातात. त्यांना नावं ठेवण्याचं काही कारण नाही.

ज्याचा करार मार्चमध्ये संपतो, तो फेब्रुवारीत आपल्या पीआयच्या लाडक्या टार्गेटला ‘नाही’ म्हणेल, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. तरीही कितीतरी जण म्हणतात. त्यांच्या हिमतीवर आपली औषधं उभी आहेत, आणि हिमतीवर व्यवस्था चालवणं हा व्यवस्थेचा नाकर्तेपणा आहे.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून

आणखी एक नकार आहे, जो आम्हाला रोज द्यावा लागतो आणि ज्याने जीव तुटतो. विचारलं जातं, हे टार्गेट भारतीय रुग्णांत आहे का? उत्तर द्यावं लागतं: सांगता येत नाही, डेटा पुरेसा नाही. टीसीजीएतले बहुसंख्य रुग्ण गोरे. तंबाखू-गुटख्याने गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरडीला होणारा कॅन्सर आपल्याकडे घराघरांत माहीत आहे, पण पाश्चात्त्य नमुन्यांत तो क्वचित. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर जनुकातले बदल आपल्याकडे युरोपीय लोकांपेक्षा जास्त आणि पूर्व आशियाई लोकांपेक्षा कमी आढळतात. म्हणजे दुसऱ्यांचे आकडे उसने आणून भागणारं नाही.

इथे काम झालेलं नाही असं मुळीच नाही. नवी मुंबईच्या खारघरमधलं टाटा मेमोरियलचं ‘ॲक्ट्रेक’ आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची संस्था यांनी मिळून गाल-हिरडीच्या कॅन्सरचा जनुकीय नकाशा २०१३ साली प्रसिद्ध केला. भारतीयांत जन्मजात असणारे बदल गाठीतले समजले जाऊ नयेत म्हणून ॲक्ट्रेकनेच २०१६ मध्ये ‘टीएमसी-एसएनपीडीबी’ ही नोंदवही खुली केली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात सेल लाइनचं राष्ट्रीय भांडार आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयआयटी मद्रासने भारतीय कॅन्सर जीनोमचा संग्रह खुला केला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून घडलेल्या भारतीय कार-टी (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याच्या) उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा आपल्याकडे नमुना ते उपचार हा सगळा पल्ला गाठता येतो हे सिद्धच झालं. आता हवा आहे तो आवाका: हजारो रुग्ण, नीट नोंदलेली उपचारांची माहिती आणि हे सगळं वाचणारी कायम नोकरीतली माणसं. अनुक्रमण यंत्र घ्यायला पैसा निघतो, फीत कापायला पाहुणे येतात, आणि यंत्रातून निघालेला डेटा वाचणाऱ्याचं पद मात्र कंत्राटी राहतं. हे उलटं करायला हवं.

आणि ज्यांना वाटतं की आता एआय आलं, हे सगळं आपोआप होईल, त्यांनी ड्यूकची एक ओळ पुन्हा आठवावी. उलट्या चिठ्ठ्या लावलेला डेटा दिला तर मॉडेल उलटंच शिकणार, आणि पूर्ण आत्मविश्वासाने सांगणार. मॉडेल जितकं ताकदवान, तितकी ती चूक वेगाने रुग्णापर्यंत जाणार. नमुना कुठल्या दिवशी काढला, चिठ्ठी कोणी लावली, शीर्षकाची ओळ कुठे गेली, हे विचारणारं माणूस आज पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे.

मागणी साधी आहे. पोकळ निघालेल्या टार्गेटचं काम छापायला जागा द्या आणि नेमणुकीच्या वेळी ते मोजा. प्रयोग ठरतो त्या बैठकीत विश्लेषण करणाऱ्याला बसवा. ज्याचं विश्लेषण हा निबंधाचा कणा आहे, त्याचं नाव पुढे आणा. त्याला वर्षाच्या कराराऐवजी कायमचं पद द्या. ड्यूकनंतर २०१२ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सांगितलं होतं, की अशी कुठलीही चाचणी रुग्णांवर वापरण्याआधी डेटा आणि कोड खुला करा, पद्धत पक्की गोठवा, मगच पुढे जा. मी त्यात एका सहीची भर घालते.

रुग्ण संमतीपत्रावर सही करतो, त्याआधी आणखी एका कागदावर सही झालेली असावी. मूळ डेटापासून सगळं विश्लेषण ज्याने स्वतः पुन्हा चालवून बघितलं आणि ज्याची नोकरी त्या औषधाच्या यशावर टांगलेली नाही, अशा माणसाची ती सही हवी. ती नाकारायचा त्याला पूर्ण अधिकार हवा, आणि नाकारली तरी पुढच्या महिन्याचा पगार त्याला ठरल्या तारखेला मिळायला हवा.